तिरस्कार : पडद्याआड गेलेला एक शब्द

निवडणुकीच्या उमेदवारी अर्जांची छाननी झाली, की दुसऱ्या दिवशीच्या कानडी वृत्तपत्रांत एक मथळा हमखास वाचावयास मिळतो : अमुक उमेदवाराचे 'नामपत्र तिरस्कृत'. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील नंदगडसारख्या गावी, जेथे अनेक कुटुंबांचा दिवस घरात मराठी आणि कचेरीत कानडी असा वाटला गेलेला असतो, तेथे कानडी अक्षरे नुकती लावू लागलेला मराठी वाचक या मथळ्यापाशी थबकतो. उमेदवारी अर्जाचा कोणी तिरस्कार कशासाठी करावा? आपली मराठी वृत्तपत्रे अशा वेळी 'अर्ज बाद', 'अर्ज फेटाळला' किंवा 'अर्ज नामंजूर' असे छापतात. त्यात राग नसतो, लोभ नसतो; केवळ नियमाचे काम असते.

मथळ्यापुरते हे हसून सोडून देता येईल. परंतु हाच शब्द सरकारी पत्रातून घरी येतो तेव्हा प्रसंग निराळा होतो. 'निम्म अर्जियन्नु तिरस्करिसलागिदे' एवढे एक वाक्य त्या पत्रात असते. ज्या वृद्ध गृहस्थांचे सारे शिक्षण मराठीत झाले, त्यांना या वाक्यात ओळखीचे असे दोनच शब्द सापडतात : अर्ज आणि तिरस्कार. या दोन शब्दांमधली जागा ते आपल्या मनाने भरून काढतात. कारकुनाने लिहिलेले असते 'आपला अर्ज नामंजूर झाला आहे'. वाचणाऱ्याच्या मनात उमटते 'आमचा तिरस्कार झाला'. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला द्वेष वाचणाऱ्याच्या काळजाला जाऊन लागतो, आणि दोघांपैकी एकालाही त्याचा पत्ता नसतो.

मग या शब्दाचा खरा अर्थ कोणाकडे, मराठीकडे की कानडीकडे? उत्तर शोधण्यासाठी त्याच्या मुळापर्यंत जाणे अगत्याचे आहे. तेथे गेल्यावर तिटकाऱ्याच्या जवळजवळ सर्वच संस्कृत शब्दांची एक विलक्षण कथा हाती लागते.

आड, पलीकडे, पडद्यामागे

'तिरस्कार' या शब्दाचे दोन अवयव : 'तिरस्' आणि 'कार'. 'कार' म्हणजे करणे, हे उघडच आहे. 'तिरस्' हे जुने अव्यय असून ऋग्वेदात ते 'पलीकडे', 'ओलांडून', 'आरपार' अशा अर्थांनी येते. त्याचे नाते 'तॄ' म्हणजे ओलांडणे, तरून जाणे या धातूशी. आपले तरणे, तीर्थ, अवतार हे शब्द त्याच धातूचे. लॅटिनमधील 'ट्रान्स' आणि इंग्रजीतील 'थ्रू' हेही त्याचे दूरचे भाऊबंद होत. म्हणजे मुळात या शब्दात तिरस्काराचा लवलेशही नाही. आहे ती केवळ एक दिशा.

जे पलीकडे गेले ते दिसेनासे होते. भिंतीपलीकडचे, डोंगरापलीकडचे आपल्या दृष्टीला आड असते. म्हणून 'पलीकडे' या अर्थातून 'दृष्टीआड' हा अर्थ निघाला. तिरोहित, तिरोधान, तिरोभाव हे शब्द आपण आजही याच अर्थाने वापरतो. 'तिरस्करणे' म्हणजे आड करणे, झाकणे. पडद्याला संस्कृतात 'तिरस्करिणी' असे नाव आहे. अमरकोशात यवनिकेच्या जोडीला हा शब्द सांगितलेला आहे. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात हिमालयातील गुहांच्या दाराशी लोंबणाऱ्या मेघांना 'तिरस्करिणी' म्हटले आहे. त्याच्याच 'विक्रमोर्वशीया'त उर्वशी तिरस्करिणी विद्येने अदृश्य होऊन आपल्या प्रिय राजाचे बोलणे ऐकते. म्हणजे या शब्दाच्या आश्रयाने जी उभी आहे ती तिटकाऱ्याने दूर झालेली नसून प्रेमाने जवळ आलेली आहे!

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने काव्याचा विचार करताना ध्वनीचा एक प्रकार 'अत्यंततिरस्कृतवाच्य' या नावाने सांगितला. एखाद्या चिक्कू गृहस्थाला कोणी 'आपण म्हणजे प्रत्यक्ष कर्ण' असे म्हटले, की ऐकणारा शब्दांचा सरळ अर्थ बाजूला सारतो आणि त्यामागचा टोमणा घेतो. येथे वाच्यार्थ 'तिरस्कृत' झाला, म्हणजे पूर्णपणे बाजूला ठेवला गेला. त्याचा कोणी राग धरला नाही.

आता दुसरी पायरी. वस्तू बाजूला ठेवली तर ती व्यवस्था झाली. माणूस बाजूला ठेवला तर तो अनादर होतो. सभेत सर्वांना नमस्कार करून एकालाच वगळले, तर त्या वगळण्याचा अर्थ सर्वांना कळतो. अमरकोशाने अवज्ञा, अवहेलना या अनादरवाचक शब्दांच्या रांगेत 'तिरस्क्रिया' बसविली आहे ती याच कारणाने. मात्र वैर, विरोध, विद्वेष यांची रांग त्याने निराळी लावली. कोशकाराच्या दृष्टीने तिरस्कार म्हणजे वैर नव्हे. तो मान न देणे होय.

तिसरी पायरी मराठीने गाठली. आपण 'तिरस्कार' म्हणतो तेव्हा नुसता अनादर मनात नसतो. त्यात कडवटपणा असतो, धग असते. गंमत अशी, की येथे शब्द आपल्या मूळ अर्थाच्या नेमका उलट टोकाला जाऊन पोचला. ज्याला खरोखर दृष्टीआड केले त्याची आठवणही होत नाही. पण ज्याचा आपण मराठी अर्थाने तिरस्कार करतो, तो मनुष्य डोळ्यांपुढून हलत नाही. जेवताना आठवतो, झोपताना आठवतो. पडदा ओढावयास निघालेला शब्द अखेर पडद्यावरचे चित्र होऊन बसला.

कानडीने काय राखले

यावरून नामपत्राचे कोडे आपोआप सुटते. कानडीतही 'तिरस्कार' शब्दाला अनादराचा अर्थ आहेच. पण 'तिरस्करिसु' या क्रियापदाने 'बाजूला सारणे, न स्वीकारणे' हा जुना अर्थ जपला आणि तो कचेरीत, न्यायालयात, वृत्तपत्रात रूढ केला. तेलुगूतही हा शब्द 'नाकारणे' या अर्थाने चालतो, हे हैदराबादकडच्या आपल्या कुटुंबांना ठाऊक असेल. हिंदीत तो अवहेलना, अपमान या पायरीवर थांबला. मराठीने त्याला सर्वांच्या पुढे नेऊन द्वेषाच्या शेजारी बसविले. चारही भाषांनी एकाच संस्कृत पेढीवरून माल उचलला, पण प्रत्येकीच्या दुकानात तो निरनिराळ्या भावाने विकला जातो.

हा एकच शब्द असा आहे असे नव्हे. 'असह्य' हा शब्द मराठीत सोसवत नाही अशा वेदनेसाठी किंवा उकाड्यासाठी येतो. कानडीत तो बहुधा 'किळसवाणे' या अर्थाने उच्चारला जातो. 'अवसर' म्हणजे आपल्याकडे संधी वा सवड, कानडीत घाई. 'अनुमान' म्हणजे आपल्याकडे तर्क, कानडीत संशय. उलटपक्षी 'कादंबरी' मात्र दोन्ही भाषांत कादंबरीच! बाणभट्टाच्या नायिकेचे नाव दोघींनीही एकाच वाङ्मयप्रकाराला दिले. सीमेवर राहणाऱ्याने ध्यानात ठेवावे ते हे, की परका शब्द आपल्याला फसवीत नाही, कारण तो आपण कोणाला तरी विचारतो. फसवितो तो ओळखीचा चेहरा घेऊन आलेला शब्द.

घृणा : एका शब्दात दोन हृदये

तिरस्काराची भावंडे पाहिली तर त्यांच्या कुळकथाही अशाच आहेत. 'घृणा' हा शब्द घ्या. धातुपाठात 'घृ' या धातूचे अर्थ क्षरण आणि दीप्ती, म्हणजे पाझरणे आणि झळकणे, असे दिले आहेत. घर्म म्हणजे उष्णता आणि त्यावरून आलेला आपला घाम, तसेच सूर्यकिरणांना वा सूर्याला लावला जाणारा 'घृणि' शब्द, ही सारी याच घरची मंडळी. घृणा म्हणजे मुळात ऊब. आणि मनाची ऊब म्हणजे दया, अनुकंपा.

हे कोणास खरे वाटणार नाही, तर त्याने आपल्याच भाषेतील 'निर्घृण' शब्दाकडे पाहावे. 'निर्घृण हत्या' असे आपण लिहितो. घृणेचा अर्थ केवळ किळस असता, तर निर्घृण माणूस कोणाचीही किळस न करणारा, म्हणजे साधुपुरुष ठरला असता! पण निर्घृण म्हणजे निर्दय. मूळ शब्दातून आटून गेलेली दया या सामासिक शब्दात आजही जिवंत आहे. घरातले जुने नाणे कोणाच्या लक्षात न येता एखाद्या कोनाड्यात पडून राहावे, तशी ही गोष्ट झाली.

एकच शब्द दया आणि किळस असे दोन टोकांचे अर्थ कसा वाहतो? अमरकोशाने घृणेचे हेच दोन अर्थ, जुगुप्सा आणि करुणा, शेजारी शेजारी सांगितले आहेत. 'रघुवंशा'च्या अकराव्या सर्गात राम ताटकेवर बाण सोडतो तेव्हा स्त्रीवधाविषयीची घृणाही तो बाणाबरोबरच सोडून देतो असे वर्णन आहे; तेथे घृणा म्हणजे दया की किळस, दोन्ही अर्थ लागू शकतात. याचे कारण शब्दात नाही, माणसात आहे. उघडी जखम पाहिली की एकाच क्षणी दोन गोष्टी घडतात : पोटात ढवळते आणि काळीज हलते. दोन्हींचे निमित्त एकच. पुढे माणूस कोणत्या दिशेने पाऊल टाकतो यावर तिला किळस म्हणावयाचे की करुणा, हे ठरते.

बाबा आमटे यांच्या आयुष्यातील प्रसंग सर्वश्रुत आहे. वरोऱ्यास कुष्ठरोगाने सर्वांग झडलेला तुळशीराम नावाचा मनुष्य त्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा ते भयाने दूर पळाले. मग त्या भयाचीच त्यांना लाज वाटली आणि ते परत फिरले. पुढे आनंदवन उभे राहिले त्याची ही सुरुवात. घृणा शब्दाचे दोन अर्थ एका माणसाच्या आयुष्यात एकापाठोपाठ एक असे प्रकटलेले पाहावयाचे असतील, तर याहून दुसरे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पाणिनीच्या घरातील तीन बहिणी

'जुगुप्सा' या शब्दाची कथा आणखी वेगळी. 'गुप्' म्हणजे रक्षण करणे. गोपन, गुप्त हे शब्द त्याचेच. त्या धातूला 'सन्' प्रत्यय लागून जुगुप्सा तयार होते : स्वतःला जपण्याची, दूर राखण्याची वृत्ती. नासलेल्या अन्नाचा वास येताच नाक आपोआप मिटते, ती जुगुप्सा. शरीराने आपल्या रक्षणासाठी दारावर ठेवलेला हा राखणदार होय. तो नसता तर माणसाची जात फार दिवस टिकली नसती.

पाणिनीने तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातील पाचव्या सूत्रात तीन धातूंना हा प्रत्यय एकत्र सांगितला आहे : गुप्, तिज् आणि कित्. त्यांवरून तीन शब्द होतात : जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. पहिली तिटकारा, दुसरी सहनशीलता, तिसरी रोगावरील उपाय. एका सूत्राच्या पोटी या तीन बहिणी जन्मल्या. त्याच्या लगतच्या सूत्रात 'बीभत्स' शब्दाची सोय लावली आहे, आणि तेथे त्याच्या पाठीला पाठ लावून आलेली बहीण आहे 'मीमांसा', म्हणजे विचार. व्याकरणकाराने ही मांडणी शब्दरूपांच्या सोयीसाठी केली हे खरे. पण नकोशा वस्तूपुढे उभ्या असलेल्या माणसाला जे मार्ग मोकळे असतात, ते सगळे तेथे ओळीने मांडलेले दिसतात. नाक मुरडावे, सोसावे, उपाय करावा अथवा विचार करावा.

भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव मानला आहे. जीवनातील ओंगळालाही त्या आचार्यांनी रंगमंदिराबाहेर ठेवले नाही; आठ रसांत त्याला जागा दिली. महाभारतात अर्जुनाचे एक नाव 'बीभत्सु' आहे. युद्धात आपण कधीही बीभत्स कर्म करीत नाही, म्हणून हे नाव, असे विराटपर्वात तो स्वतःच सांगतो. शत्रूचा नव्हे, तर स्वतःच्या हातून घडू शकणाऱ्या हीन कर्माचा तिटकारा, असा तिटकाऱ्याचा हा सर्वांत उन्नत प्रकार म्हणावा लागेल.

इतर भाषांतही तिटकाऱ्याचे शब्द अशाच साध्या हालचालींतून घडलेले आहेत. 'नफरत' हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्याचा अर्थ जनावराने बुजून पळणे असा आहे. इंग्रजी 'डिस्पाइज' हा लॅटिनमधील 'खाली पाहणे' या क्रियेतून आला. कोणी पायांनी पळाला, कोणी डोळ्यांनी खाली पाहिले, कोणी हाताने पडदा ओढला. द्वेष नंतर आला. आधी होती ती एक हालचाल.

येते काय आणि करतो काय

संस्कृताची वाट सोडून आता आपल्या माजघरातल्या मराठीकडे वळू. नावड, कंटाळा, उबग, वीट, किळस, शिसारी, तिटकारा अशी आपली शब्दसंपदा थोडीथोडकी नाही, आणि घरातल्या बायकांच्या तोंडी यातील प्रत्येक शब्द आपल्या नेमक्या जागी असतो. रोज रोज एकच भाजी झाली तर वीट येतो. तीत अळी निघाली तर किळस येते. ती अळी चावली गेली या कल्पनेने शिसारी येते. घरी येऊन तासन्‌तास बढाया मारणाऱ्या पाहुण्याचा उबग येतो, आणि तोच गरिबाला फसविणारा निघाला तर त्याचा तिटकारा येतो. एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवून पाहावा, वाक्य तत्काळ बेसूर होते.

या वाक्यांत एक गोष्ट समान आहे. वीट 'येतो', किळस 'येते', शिसारी 'येते'. ताप यावा, झोप यावी तसे हे येणे. 'मी किळसतो' असे आपण सहसा म्हणत नाही. 'मला किळस येते' असेच म्हणतो. भावना येणारी, आणि मी ज्याच्याकडे ती येते तो. कानडीतही नेमकी हीच रचना आहे : 'ननगे हेसिगे आगुत्तदे', म्हणजे 'मला किळस वाटते'. 'ननगे' म्हणजे मला. शब्द निराळे, पण वाक्याची बांधणी एकाच सुताराची वाटावी अशी. शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या भाषांनी एकमेकींकडून केवळ शब्दच नव्हे तर बोलण्याची घडणही उचललेली असते.

द्वेषाचे मात्र तसे नाही. द्वेष बहुधा आपण 'करतो'. तेथे 'मला' जाऊन 'मी' येतो. कानडीतही तो 'द्वेष माडु', म्हणजे द्वेष करणे. भाषेने ही भेदरेषा कोणा आचार्याला विचारून आखलेली नाही. पण ती नीतिशास्त्राच्या ग्रंथाइतकी स्पष्ट आहे. जे येते त्याबद्दल मनुष्य दोषी नाही. जे तो करतो त्याचा जाब त्याला द्यावा लागतो. तिरस्कार हा शब्द या दोहोंच्या उंबरठ्यावर उभा आहे : तो 'वाटतो' आणि तो 'करतात'. वाटण्याकडून करण्याकडे आपण केव्हा सरकलो हे अनेकदा आपल्याही ध्यानात येत नाही, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ त्या न कळलेल्या पावलात असते.

योगसूत्रांत पतंजलीने द्वेषाची गणना पाच क्लेशांत केली असून तो दुःखाच्या मागोमाग येतो असे सांगितले आहे. कोठे तरी दुखावले गेलेले असते. ते दुखणे विसरले जाते, द्वेष तेवढा राहतो. मग 'नावडतीचे मीठ अळणी' या न्यायाने कारणे मागाहून गोळा होतात. मीठ अळणी म्हणून ती नावडती नव्हे. ती नावडती म्हणून तिचे मीठही अळणी.

'विटाळ होतो' असे म्हणणाऱ्यांची गोष्ट

जे आपण करतो ते आपोआप होते असे भासविणारा एक शब्द मराठीत शतकानुशतके वावरला. तो शब्द 'विटाळ'. तो किती जुना आहे याचा पुरावा हेमचंद्राच्या बाराव्या शतकातील व्याकरणात सापडतो. अपभ्रंश भाषेच्या शब्दांत 'विट्टाल' हा शब्द त्याने 'अस्पृश्याचा संसर्ग' या अर्थाने नोंदला आहे. आता या शब्दाची क्रियापदे पाहा. 'विटाळ होतो' असे म्हणत. पाऊस होतो, रात्र होते, तसा विटाळ होतो! करणारा कोणीच नाही. खरे पाहता विटाळ होत नव्हता. तो मानला जात होता, पाळला जात होता. नासक्या अन्नासाठी देहाने ठेवलेला राखणदार समाजाने जिवंत माणसांच्या वाटेवर नेऊन उभा केला आणि त्या कृत्याला 'होतो' हे निरपराध क्रियापद जोडून दिले.

चौदाव्या शतकात चोखामेळा आणि सोयराबाई यांनी आपल्या अभंगांतून या विटाळालाच प्रश्न केला. विसाव्या शतकात तो प्रश्न आपल्या सीमाभागात उघड्या मांडवात विचारला गेला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास राष्ट्रसभेचे अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरले. अस्पृश्यतानिवारण हा तेथल्या विधायक कार्यक्रमाचा भाग होता. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, निपाणीस बहिष्कृत परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'बहिष्कृत' म्हणजे बाहेर केलेला, 'तिरस्कृत' म्हणजे आड केलेला. दोन्ही शब्दांत 'कृ' धातू आहे, म्हणजे करणारा कोणी तरी आहे. 'होतो' या क्रियापदाने जे लपविले होते ते 'बहिष्कृत' या शब्दाने उघड केले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण हा गुन्हा ठरविला. आचरण म्हणजे करणे. घटनेने क्रियापद दुरुस्त केले असे म्हटले तरी चालेल.

हा शब्द गावकुसाबाहेरच राहिला असेही नाही. घरातील लेकीसुनांना महिन्यातील चार दिवस 'बाजूला बसावे' लागे. 'तिरस्' या अव्ययाचे याहून अचूक मराठी भाषांतर कोणत्या कोशात मिळणार? ज्या घरांत ही चाल अद्याप कोठे उरली असेल, त्यांनी निदान 'विटाळ होतो' न म्हणता 'आम्ही विटाळ मानतो' असे म्हणून पाहावे. क्रियापद बदलले की मनुष्य विचारात पडतो.

नंदगडचे शहाणपण

आता पुन्हा नंदगडकडे वळू. या गावाला इतिहासाने दोन वेळा मोठ्या कागदावर आणले. किट्टूरच्या राणी चन्नम्मांचा शूर सहकारी संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ च्या जानेवारीत येथेच फाशी दिले. त्याची समाधी येथे आहे. त्याच १८३१ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती बाहेर पडली, हा केवळ योगायोग. एका हाताने वीरांना फाशी आणि दुसऱ्या हाताने शब्दांची नोंद, असा तो काळ होता.

दुसरी वेळ महाजन आयोगाची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्रास द्यावे, पण बेळगाव शहर आहे तेथेच ठेवावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने तो अहवाल मान्य केला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. नंदगड कागदावर सुचविले गेले, पण प्रत्यक्षात आहे तेथेच राहिले.

या प्रश्नाची न्यायान्याय बाजू मांडण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु आपल्या शब्दाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. अहवाल फेटाळता येतो, मागणी नाकारता येते, दावा लढविता येतो. हे सर्व कानडी अर्थाचे 'तिरस्करिसु' आहे, म्हणजे बाजूला ठेवणे, न स्वीकारणे. लोकशाहीत हे चालावयाचेच. पण त्यातून माणसाने माणसाचा मराठी अर्थाने तिरस्कार करावा असे मुळीच निष्पन्न होत नाही. आपल्या भाषेच्या हक्कासाठी कोणी कितीही ठामपणे उभा राहिला, तरी शेजाऱ्याची भाषा नकोशी मानण्याची त्याला गरज पडत नाही. आपण 'तूप' म्हणतो तो शब्द कानडी 'तुप्प'चा सगा आहे. 'अक्का', 'अण्णा' ही नाती दोन्ही घरांत एकाच नावाने पुकारली जातात. ज्या भाषेचे तूप आपण रोज पानात वाढून घेतो तिची किळस कोणत्या तोंडाने करावयाची?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांनाच, मग ते घर नंदगडास असो, बडोद्यास असो वा हैदराबादेस, हा प्रसंग मुलांच्या बाबतीत येतो. शाळेतून आलेले मूल पाटी आपटून म्हणते, 'मला त्या भाषेचा तिरस्कार आहे.' अशा वेळी मुलास रागावू नये आणि त्याच्या होकारात होकारही मिळवू नये. त्याला एवढेच विचारावे, की बाळा, तिरस्कार, की कंटाळा? कंटाळा, की भीती? वर्गात कोणी हसले का? बहुधा असे दिसून येते, की ज्याला त्याने तिरस्कार म्हटले ती केवळ परीक्षेची धास्ती होती, किंवा चार मुलांपुढे उच्चार चुकल्याची लाज. तिला तिचे खरे नाव मिळाले, की उपायही सुचतो. धास्तीवर अभ्यास हा उपाय आहे, लाजेवर सराव हा उपाय आहे, कंटाळ्यावर गोष्टीचे पुस्तक हा उपाय आहे. तिरस्कार असे एकदा म्हणून टाकले, की उपाय शोधण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून मोठा शब्द उच्चारण्यापूर्वी आपल्या समृद्ध भाषेतील लहान शब्द हाताळून पाहावेत. जुगुप्सेच्या शेजारी चिकित्सा बसलेली आहे, हे पाणिनीचे सूत्र पाठ नसले तरी चालेल. पण घरात कोणी 'तिरस्कार' हा शब्द काढला, की त्यामागे नेमके काय दुखते आहे हे विचारण्याची सवय आपल्या कुटुंबांत असावी.